मानेत काही नाही, मग मान का कापायची?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या मामांचा आहे. मामा एसटीत कंडक्टर. जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली आणि दोन महिने झाले तरी ती बरी होईना. आधी दात लागतोय म्हणून टोकदार दात घासून घेतला, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून तुरटीच्या गुळण्याही झाल्या. शेवटी मिरजेला तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टमध्ये ते तीन शब्द आले: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मी तेव्हा एस.ई.ला होते. सबमिशनच्या आठवड्यात आईचा फोन आला आणि मी जर्नल तसंच टाकून मुंबईला गेले, कारण सगळ्यांचं मत असं की "इंजिनिअरिंगची मुलगी आहे, तिला इंग्रजी रिपोर्ट कळतील." कळले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सर्जननी मामांची मान दोन्ही बाजूंनी चाचपली, सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, मानेत गाठ लागत नाही. मामींनी तिथंच हात जोडले. पण पुढचं वाक्य असं की जिभेच्या ऑपरेशनबरोबरच मानेचंही ऑपरेशन करून तिथल्या गाठी काढून टाकू.

"साहेब, मानेत काही नाही म्हणता, मग मान का कापायची?" मामांनी विचारलं.

"काही नाही असं मी म्हटलं नाही. दिसत नाही असं म्हटलं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. महात्मा फुले योजनेतून झालं, त्यामुळे जमीन वगैरे विकावी लागली नाही. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. मानेतून काढलेल्या २८ गाठींपैकी एकीतही कॅन्सर नव्हता. घरात पेढे वाटले. मामा मात्र एवढंच म्हणाले, "म्हणजे फुकटच कापली की गं." त्यांचा डावा खांदा तेव्हापासून नीट वर जात नाही. खांद्याच्या स्नायूला जाणारी नस मानेतून त्याच भागातून जाते; ती वाचवली तरी ओढली जातेच. एसटीत घंटीची दोरी डोक्यावरून जाते. ती ओढायला जो हात लागतो, तोच आता वर होत नाही. सध्या ते डेपोत खिडकीवर बसतात.

मित्रांनो, हा लेख आजारपणाची कहाणी म्हणून लिहिलेला नाही. गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने बी.ई. प्रोजेक्टला जो विषय घेतला, तो मामांच्या या एका वाक्यातून आला. गाठ हाताला लागायच्या आधी, सोनोग्राफीत दिसायच्या आधी, कॅन्सर मानेत गेलाय की नाही हे जिभेच्या त्या तुकड्यावरूनच सांगता येईल का? तुकडा तर आधीच काढलेला असतो. त्यातल्या जीन्स काय करतायत ते मोजायचं आणि पुढचं भाकीत करायचं. आमच्या अॅब्स्ट्रॅक्टमध्ये हे फार सोपं वाटत होतं. आता माझं मत वेगळं आहे आणि तेच इथं मांडायचंय.

आधी थोडं बेसिक. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो. आपल्या मेसच्या आचाऱ्याकडे पाककृतींची वही एकच आहे, पण आज कशाचं पातेलं चढलंय आणि किती मोठं, ते वही बघून कळत नाही, स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं. जीन एक्स्प्रेशन म्हणजे हे स्वयंपाकघरात जाऊन बघणं. कुठल्या जीनवरून किती आरएनए तयार होतोय, ते साधारण वीस हजार जीन्ससाठी एकाच वेळी मोजायचं. नव्वदच्या दशकात त्यासाठी मायक्रोअॅरे नावाची चिप आली, नंतर आरएनए सिक्वेन्सिंग आलं. एका रुग्णाच्या एका तुकड्यातून वीस हजार आकड्यांचा कॉलम मिळतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटेल असाच हा डेटा आहे, आणि सुटलंच.

डोकं आणि मान यांच्या कॅन्सरमध्ये तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र असं सगळं येतं. आपल्याकडे यातला तोंडाचा भाग सर्वांत मोठा. २०२२च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. कारणं सगळ्यांना पाठ आहेत: तंबाखू, चुना, गुटखा, मिश्री. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली जाहीर केलंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर मागून बघा, म्हणजे बंदी म्हणजे काय ते कळेल. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हा कॅन्सर बहुतेक वेळा आधी मानेतल्या गाठींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये उतरतो. तिथं तो पोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते असं पुस्तकं सांगतात. आणि घोळ असा की लवकरच्या स्टेजला, मान चाचपून आणि सोनोग्राफी करूनही 'स्वच्छ' वाटलेल्या दहा जणांपैकी तिघांच्या मानेत तो आधीच लपून बसलेला असतो. सगळ्यांची मान कापली तर सात जणांचे खांदे विनाकारण गेले. कुणाचीच कापली नाही तर तिघांचा जीव टांगणीला. हे तीन कोण ते आधी कळत नाही, हाच सगळा प्रश्न आहे.

या प्रश्नाला दोन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी हात घातला गेला. एक नेदरलँड्समधलं युट्रेक्ट आणि दुसरं आपलं परळ.

युट्रेक्टच्या लोकांनी चिप वापरली. ८२ रुग्णांच्या गाठींचे तुकडे घेतले. कुणाच्या मानेत कॅन्सर होता आणि कुणाच्या नव्हता हे ऑपरेशननंतर माहीत झालेलं होतंच. त्यावरून १०२ जीन्सचा एक संच काढला, की या जीन्सची पातळी बघून मानेबद्दल सांगता येईल. मग ज्यांना आधी हात लावला नव्हता अशा २२ गाठींवर तपासलं. २००५ साली हे नेचर जेनेटिक्समध्ये आलं. डॉक्टरांच्या हातापेक्षा आणि स्कॅनपेक्षा चिप बरी ठरली. प्रथम वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. वाटलं, हेच तर मामांना हवं होतं!

परळला टाटा मेमोरियलमध्ये चिप नव्हती. त्यांनी काय केलं, तर २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरचे, मान स्वच्छ वाटणारे ५९६ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटात तोंडाबरोबर मानेचं ऑपरेशन लगेच. दुसऱ्या गटात फक्त तोंडाचं, मानेवर नजर ठेवायची आणि गाठ आलीच तर तेव्हा ऑपरेशन. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पहिलं नाव डॉ. अनिल डिक्रूझ यांचं. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. फरक साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे आठांत एक. आठ जणांची मान लगेच उघडली की एक जीव वाचतो.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे हे होतं. त्या आठांतला जो एक वाचतो, त्याच्यासाठी उरलेल्यांनी खांदा दिलेला असतो. आणि आपण कोण, ते आधी कुणालाच माहीत नसतं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं आधी नाही सांगितलंस. मी हिशेब घालत बसलो असतो."

इथपर्यंत ठीक. आता माझ्या मताकडे येते. जीन्सवरून भाकीत करणाऱ्या चाचणीचं कौतुक करताना आपण 'किती टक्के बरोबर?' एवढंच विचारतो. इंजिनिअरिंगला तर हा रोगच आहे. व्हायव्हाला एक्स्टर्नल पहिला प्रश्न तोच विचारतात, "अॅक्युरसी किती?" हा प्रश्न अपुरा आहे आणि बऱ्याचदा फसवा आहे, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते.

आम्ही टीसीजीए या अमेरिकन प्रकल्पाचा खुला डेटा घेतला. २०१५ साली नेचरमध्ये त्यांचा २७९ गाठींचा पेपर आला, आणि नंतर डेटाबेसमध्ये हा आकडा पाचशेच्या वर गेला. प्रत्येकाचे वीस हजार जीन्सचे आकडे, आणि मानेत कॅन्सर आहे की नाही याची नोंद. आम्ही सगळ्या रुग्णांवरून सर्वांत जास्त फरक दाखवणाऱ्या ५० जीन्स निवडल्या, मग ट्रेनिंग आणि टेस्टिंग असे दोन भाग पाडले आणि मॉडेल चालवलं. अॅक्युरसी नव्वदीच्या घरात! कँटीनमध्ये पार्टी झाली. फेज-वनच्या प्रेझेंटेशनला टाळ्या पडल्या. कुणीही, अगदी कुणीही, काही विचारलं नाही.

चूक कुठे होती ते ज्यांना आत्ताच कळलं त्यांना सलाम. टेस्टिंगसाठी बाजूला ठेवायचे रुग्ण आम्ही जीन्स निवडतानाच वापरून बसलो होतो. म्हणजे पेपर सेट करताना विद्यार्थ्याला बाजूला बसवायचं आणि मग त्याला चांगले मार्क पडले म्हणून पेढे वाटायचे! ग्रुपमधल्या एकाला झोप येत नव्हती म्हणून त्याने रात्री गंमत केली. खऱ्या जीन्सच्या जागी नुसते रँडम नंबर भरले आणि तोच कोड चालवला. तरी ऐंशीच्या वर. सकाळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रँडम नंबर जिभेच्या कॅन्सरचं भाकीत करत होते.

यात जादू काही नाही, साधं गणित आहे. वीस हजार जीन्स असतील आणि एकीचाही आजाराशी संबंध नसेल, तरी ०.०५ ची चाळणी लावली की हजारेक जीन्स 'महत्त्वाच्या' म्हणून वर येणारच. एम-थ्रीच्या भाषेत सांगायचं तर समीकरणं काही शे आणि अज्ञात वीस हजार. सोल्यूशन मिळतंच, हवी तेवढी मिळतात. रिचर्ड सायमन आणि सहकाऱ्यांनी २००३ सालीच रँडम आकड्यांवर हे करून दाखवलं होतं आणि असं करू नका असं लिहून ठेवलं होतं. आम्ही ते वाचलं २०० पानांचा रिपोर्ट छापल्यानंतर.

चूक दुरुस्त केल्यावर, म्हणजे जीन्सची निवड फक्त ट्रेनिंगच्या भागातून केल्यावर, रँडम नंबर जिथं जायला हवेत तिथं म्हणजे पन्नासला गेले. आणि आमचं खरं मॉडेल नाणं उडवण्यापेक्षा थोडंसं बरं, एवढ्यावर उतरलं.

आम्ही निदान बी.ई.चे विद्यार्थी. मोठ्या लोकांचंही हेच झालंय. २००५ साली मिशिएल्स आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या सात गाजलेल्या चिप-अभ्यासांचा डेटा पुन्हा तपासला. ट्रेनिंगचे रुग्ण बदलले की जीन्सची यादी बदलायची, आणि सातांपैकी पाच अभ्यास नशिबापेक्षा फार काही बरे निघाले नाहीत. २०११ साली स्तनाच्या कॅन्सरबाबत तर कहरच झाला. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अगदी असंबद्ध याद्या घेतल्या, त्यातली एक जेवणानंतर हसल्यामुळे रक्तपेशींत बदलणाऱ्या जीन्सची होती, आणि त्या यादीवरूनही रुग्ण किती जगेल याचं भाकीत 'सिग्निफिकंट' आलं! कारण वेगाने वाढणाऱ्या गाठीत हजारो जीन्स एकदम वर-खाली होतात. जाळं कुठंही टाका, मासा लागतोच.

आणि ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कुठल्या रुग्णाला कुठली केमोथेरपी लागू पडेल हे जीन्सवरून सांगता येतं असा २००६ साली तिथून दावा झाला. ह्यूस्टनच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आकडे उलटे तपासत नेले तेव्हा सापडलं काय, तर जीन्सची यादी एका ओळीने सरकलेली. ऑफ-बाय-वन एरर! एफ.ई.ला सी शिकताना आपण करतो तीच. शिवाय काही ठिकाणी 'औषध लागू पडतं' आणि 'पडत नाही' ही लेबलंच उलटी. तोवर या चाचणीवर आधारलेल्या प्रयोगांत खरे रुग्ण भरती झाले होते. प्रयोग थांबले, पेपर मागे घेतले गेले, आणि २०१५ साली अमेरिकन सरकारी कार्यालयाने हे संशोधनातलं गैरवर्तन होतं असा निष्कर्ष जाहीर केला. आपला कोड रात्री दोनला कसातरी रन होतो तेव्हा आपण जो आनंद व्यक्त करतो, तो मला आता थोडा भीतीदायक वाटतो.

मग युट्रेक्टचं काम खोटं का? नाही, आणि म्हणूनच मला ते आवडतं. त्यांनी पहिल्या पेपरवर पार्टी करून विषय संपवला नाही. २०१२ साली देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या २२२ नव्या रुग्णांवर तीच चाचणी पुन्हा केली. लवकरच्या स्टेजच्या १०१ रुग्णांत डॉक्टरी तपासणी 'स्वच्छ' म्हणते तेव्हा शंभरातल्या २८ मानांत कॅन्सर लपलेला असतो, आणि चिपही 'स्वच्छ' म्हणाली तर हा आकडा ११ वर येतो, असं निघालं. २८ वरून ११. हा खरा आकडा आहे. सात वर्षांनी, नव्या रुग्णांवर, टिकलेला. आमच्या नव्वदीपुढे तो दिसायला गरीब वाटतो, पण आमचे नव्वद म्हणजे हवा होती.

पण थांबा. खरा वाद इथून सुरू होतो. हे ११ म्हणजे कमी की जास्त?

समजा युट्रेक्टमधल्या एखाद्या माणसाला चिपने सांगितलं, मान स्वच्छ. तो ऑपरेशन टाळतो आणि ठरल्या दिवशी सायकलवरून तपासणीला जातो. त्या अकरांपैकी तो निघालाच तर गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडेल. आता हीच चाचणी आटपाडीच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाला सांगा. मुंबईला यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, बरोबर येणाऱ्याचीही मजुरी, वर राहायची सोय. पहिल्या दोन तपासण्यांना येईल. मग दुखत तर नाही, म्हणून राहून जाईल. गाठ बाहेरून दिसायला लागल्यावर येईल. चिप तीच, अकरा टक्के तेच, पण चुकीची किंमत एकाला एक छोटं ऑपरेशन आणि दुसऱ्याला जीव. परळच्या अभ्यासात नजर ठेवलेल्या गटातले लोक मागे पडले त्यातही हेच दिसतं, की गाठ परत आली तेव्हा ती पुढच्या पायरीला गेलेली होती. म्हणून मला वाटतं, 'ऑपरेशन टाळायला किती खात्री पुरे?' हा आकडा लॅबमध्ये ठरत नाही. त्यात एसटीचं तिकीट धरावं लागतं. हे कुठल्याही आर-ओ-सी कर्व्हवर दिसत नाही.

दुसरं म्हणजे चिपची स्पर्धा कुणाशी? आपण मॉडेलची तुलना मॉडेलशी करतो, एस.व्ही.एम. विरुद्ध रँडम फॉरेस्ट. डॉक्टरांच्या टेबलावर स्पर्धक वेगळे आहेत. पहिला स्पर्धक मिलिमीटरची पट्टी! गाठ जिभेत किती खोल गेलीय हे पॅथॉलॉजिस्ट मोजतो आणि ही खोली मानेबद्दल इतकं सांगते की २०१८ पासून वापरात आलेल्या स्टेजिंगच्या नियमांत ती आली; ५ आणि १० मिलिमीटर अशा तिच्या रेषा आहेत. परळच्या अभ्यासातही ३ मिलिमीटरपेक्षा उथळ गाठींमध्ये मानेच्या लगेच ऑपरेशनचा फायदा स्पष्ट दिसला नव्हता. दुसरा स्पर्धक सेंटिनल नोड. गाठीजवळ किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो मानेतल्या ज्या पहिल्या एक-दोन गाठींत जातो तेवढ्याच काढून तपासायच्या, त्यात कॅन्सर सापडला तरच पूर्ण मान. २०२० साली फ्रान्समधून आणि २०२१ साली जपानमधून याचे चिठ्ठी टाकून केलेले अभ्यास आले आणि ही पद्धत पूर्ण ऑपरेशनच्या मागे पडली नाही. वीस हजार जीन्स मोजून काढलेलं उत्तर या पट्टीपेक्षा आणि या द्रवापेक्षा सरस आहे का, हे ज्या पेपरमध्ये नाही तो मी आता बाजूला ठेवते. आमच्या रिपोर्टमध्येही ते नव्हतं. टीसीजीएमध्ये खोलीची नोंद सगळ्यांची मिळेना, आणि आम्ही तो मुद्दा सरळ गाळला होता.

तिसरी गोष्ट, कुणाच्या गाठी? पाश्चात्त्य देशांत घशाच्या कॅन्सरचा मोठा भाग एच.पी.व्ही. विषाणूमुळे होतो आणि तो उपचाराला फार चांगला दाद देतो. २०१० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांनी विषाणूवाले ८२.४ टक्के जिवंत होते, विषाणू नसलेले ५७.१ टक्के. असे रुग्ण डेटात मिसळलेले असले की मॉडेल विषाणू ओळखायला शिकतं आणि आपण म्हणतो, वा, काय भाकीत केलं! तेवढ्यासाठी स्लाइडवरचा पी-१६ नावाचा एक साधा स्टेन पुरतो. आपल्याकडचा मुख्य आजार म्हणजे गालाच्या आतला आणि हिरडीलगतचा, तंबाखूचा पुडा जिथं ठेवतात तिथला. त्याच्या म्युटेशन्सवर कल्याणीची राष्ट्रीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचं अॅक्ट्रेक यांचं काम २०१३ साली प्रसिद्ध झालं आणि त्यात पाश्चात्त्य डेटात ठळक नसलेल्या काही जीन्स सापडल्या. म्हणजे रस्ता आहे. पण आपण प्रोजेक्टला डाउनलोड करतो तो अमेरिकन डेटा, आणि प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीत लिहितो 'भारतातील वाढते प्रमाण लक्षात घेता'. आम्हीही लिहिलं होतं.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो आमच्या गाइड सरांनीच घेतला. ते म्हणाले, "असं म्हणत बसलीस तर कुणी काही करणारच नाही. पहिली चिपसुद्धा कुणीतरी अर्धवटच केली असणार." खरं आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये २००२ साली अॅमस्टरडॅमहून आलेल्या ७० जीन्सच्या संचाला लोक असंच हसले असतील. पण पुढे त्यावर हजारो बायकांचा अभ्यास झाला, २०१६ साली निकाल आला आणि आज काही जणींची केमोथेरपी त्यावरून टळते. तिथं चाचणीला नेमकं काम दिलं होतं, केमो द्यायची की नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये इतकी वर्षं झाली, शेकडो सिग्नेचर छापल्या गेल्या, तरी रोजच्या ओपीडीत त्यावरून कुणाची मान उघडायची ते ठरत नाही. मला वाटतं त्याचं मुख्य कारण हेच की बहुतेकांनी 'जगेल की मरेल' याचं भाकीत केलं. ते कळून डॉक्टरांनी सोमवारी सकाळी वेगळं काय करायचं?

शिवाय आपण इंजिनिअर आहोत, तर जिथं खरंच अडतं तिथं हात घालायला काय हरकत आहे? आरएनए फार नाजूक. तुकडा काढल्यावर तो लगेच गोठवावा लागतो किंवा विशिष्ट द्रावणात टाकावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तो जातो फॉर्मॅलिनमध्ये आणि मग मेणाच्या ब्लॉकमध्ये, तिथं आरएनएचे तुकडे तुकडे होतात. वीस हजारांऐवजी दहा-वीस जीन्स मेणातल्या तुकड्यातून स्वस्तात आणि भरवशाने मोजणारं यंत्र, हा मेकॅनिकल आणि ईअँडटीसी दोघांचा प्रोजेक्ट आहे. गाठीच्या कुठल्या कोपऱ्यातून तुकडा घेतला यावर उत्तर बदलतं. २०१७ साली १८ रुग्णांच्या जवळपास सहा हजार पेशी एकेक करून मोजल्या तेव्हा दिसलं की पसरण्याची तयारी करणाऱ्या पेशी गाठीच्या कडेला असतात, मध्यभागी नव्हे. मग तुकडा कुठून घ्यायचा ते ठरवणं हाही प्रश्न आहेच. याला अॅक्युरसीचा आकडा येत नाही, त्यामुळे अॅब्स्ट्रॅक्टमध्ये चमकत नाही, एवढीच अडचण.

आम्ही काय केलं ते सांगते. फेज-टूच्या रिपोर्टमध्ये जुना नव्वदीचा आकडा ठेवला, त्याच्याशेजारी रँडम नंबरांचा आकडा ठेवला आणि खाली दुरुस्त केलेला. एक पूर्ण चॅप्टर चूक कशी झाली यावर. ग्रुपमध्ये यावरून दोन दिवस भांडण झालं, कारण कॅम्पस इंटरव्ह्यूला रेझ्युमेवर नव्वदच लिहिलेलं होतं. एकाने अजून बदललेलं नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नल मॅडमनी पानं उलटली, तो चॅप्टर बघितला आणि म्हणाल्या, "मागच्या ग्रुपची तर ९७ आहे, तुमची एवढी कमी का?" मी मामांच्या २८ गाठींपासून सुरुवात केली. वीस मिनिटं लागली. मार्क अजून लागायचेत.

परवा मामांचा फोन आला होता. दर खेपेला विचारतात तेच विचारलं, "तुझं ते मशीन झालं का गं?" मी म्हटलं, नाही मामा, अजून नाणं उडवल्यासारखंच सांगतंय. तर म्हणाले, "मग राहू दे. नाणं आमच्याकडंबी हाय." पुढच्या चेकअपला त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. त्यांच्या मेणाच्या ब्लॉकच्या रिपोर्टमध्ये खोली सहा मिलिमीटर लिहिलीय, हे मला आत्ता, एवढं सगळं वाचल्यावर दिसलं. तेव्हाही ते तिथंच छापलेलं होतं, दुसऱ्या पानावर.

— एक विद्यार्थिनी, बी.ई. (कॉम्प्युटर)